राखलेलं पाणी

बैठक

उजाडायच्या जरा आधी सिंगणपोरच्या कॉझवेवर या. सुरतेत असाल तर पायी या, दूर असाल तर मनाने. दिवस पौष-माघाचे धरू. पावसाळ्यात तापी बंधाऱ्यावरून वाहू लागली की हा रस्ता बंद करतात. थंडीत तो मोकळा असतो. काठावर कोरडी जागा बघा आणि बसा. शाल नीट ओढून घ्या. हात मांडीवर सुटे राहू द्या.

मन लगेच शांत होणार नाही. घरचं, कामाचं, कालचं काहीतरी सोबत आलं असेल. त्यालाही शेजारी बसू द्या.

आता समोर बघा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी जवळजवळ स्थिर आहे. खालच्या अंगाला ते हलतं आहे. भरती असेल तर चढत असेल, ओहोटी असेल तर चिखल उघडा पडला असेल. वरचं पाणी गोडं, खालचं खारं. 1995 साली रांदेर आणि सिंगणपोरच्या मध्ये हा बंधारा झाला, तो एवढ्यासाठी की समुद्राची भरती वर चढू नये आणि शहराच्या पिण्याचं पाणी गोडं राहावं. भिंतीला पाणी बनवता येत नाही. जे वरून आलं, तेवढं ती राखते.

आजच्या मननाला हाच एक शब्द घेऊ. राखणे.

मनात तो सावकाश उच्चारा आणि बघा, आपल्या भाषेत तो कुठे कुठे राहतो. आपण शेत राखतो, गुरं राखतो. पाहुण्याचा मान राखतो, दिलेला शब्द राखतो, म्हाताऱ्या माणसाचं मन राखतो. बेरीज करताना हातचा राखतो. सरकारी कागदावर जंगलाला 'राखीव' म्हणतो. प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. राखणारा तिथे असतो, आणि त्याने केलेलं असं वेगळं काही दिसत नाही. शेत आहे तसंच दिसतं. शब्द होता तसाच राहतो.

श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे. त्याला लांबवू नका, रोखू नका. गुराख्याने सावलीत बसून कळपाकडे लक्ष ठेवावं, तसं त्याच्याकडे लक्ष असू द्या. पाच-सहा श्वास असेच जाऊ द्या.

उगमाकडे

आता डोळे मिटा. समोरच्या पाण्याचा हात धरून उलटं चालायचं आहे, प्रवाहाच्या वर.

काकरापारचा बंधारा मागे पडतो. मग उकाई येतं. 1972 साली पूर्ण झालेलं हे धरण सुरतेच्या वर बसलेला मोठा राखणदार आहे. त्याच्यापाशी थोडं थांबू, कारण राखण्याची अवघड बाजू इथे दिसते. ऑगस्ट 2006 मध्ये वरच्या खोऱ्यात अफाट पाऊस झाला, धरण भरलं, पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ज्यांनी ते दिवस वरच्या मजल्यावर, दिव्याविना काढले, त्यांना ते सांगावं लागत नाही. राखणं म्हणजे मुठीत आवळून ठेवणं, अशी आपली समजूत असते. पाणी राखणाऱ्याला कधी धरायचं याइतकंच कधी सोडायचं हेही कळावं लागतं. श्वासाकडे पुन्हा एकदा बघा. तोही धरून ठेवला तर राहत नाही.

उकाईच्या जलाशयाखाली गावं गेली. काही गुजरातेतली, काही आपल्या नवापूरकडची. शहराचं पाणी राखलं गेलं, त्यासाठी कोणाची चूल, कोणाचं शेत, कोणाचा देव पाण्यात गेला. ही गोष्ट बाजूला सारून पुढे जाऊ नका. तिच्यापाशी एक क्षण मान खाली करून थांबा. मग पुढे.

जलाशय संपतो आणि नदी पुन्हा नदी होते. प्रकाशा गावाजवळ तिला गोमाई मिळते. मुडावदला पांझरा. चांगदेवला पूर्णा. ही नावं सुरतेतल्या कितीतरी मराठी घरांत रोज घेतली जातात. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथल्या गल्ल्यांमध्ये खानदेश नांदतो. ताप्ती लाईनच्या गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव मागे ठेवून माणसं मागावर, प्रोसेस हाऊसमध्ये, हमालीवर आली आणि राहिली. त्यांच्या गावाशेजारून वाहणारं पाणीही त्याच दिशेने आलं. लिंबायतच्या खोलीत एखादी आई सकाळी नळाखाली कळशी लावते, तेव्हा तिच्या माहेरचंच पाणी तिच्या घरी येत असतं. तिला ते कोणी सांगितलेलं नसतं.

ही गोष्ट मनात ठेवा. गावाहून आलेलं पाणी. त्याची चव आठवायची असेल तर आठवा.

रान

अजून वर. नदीची एकूण लांबी 724 किलोमीटर, उगम बैतूल जिल्ह्यात मुलताईला. आपल्याला तिथपर्यंत जायचं नाही. वाटेत सातपुड्यात वळू. मेळघाटात.

इथे पाच नद्या उतरतात: खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार. पाचही तापीला जाऊन मिळतात. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. झाडाचं नाव नदीला दिलं, म्हणजे नदी कोणाच्या जिवावर आहे हे कोरकूंनी आधीच ओळखलं होतं.

आषाढातला पाऊस इथे कसा पडतो ते मनाने बघा. थेंब आधी सागाच्या रुंद पानावर आपटतो आणि त्याचा जोर मोडतो. तिथून फांदीवर, फांदीवरून खोडाला धरून खाली. खाली पाचोळ्याची गादी. ती भिजते, फुगते, पाणी धरते. खालची माती मुळांनी आणि वाळव्या-गांडुळांनी भुसभुशीत केलेली. पाणी तिच्यात हळूहळू मुरतं. पावसाळा सरतो, आणि मुरलेलं ते पाणी कार्तिक-मार्गशीर्षातही झऱ्यांतून थोडं थोडं बाहेर येत राहतं. तोच पाऊस उघड्या डोंगरावर पडला असता तर माती घेऊन दोन दिवसांत वाहून गेला असता, आणि ती माती धरणाच्या तळाशी जाऊन बसली असती. रानही एक बंधाराच आहे. फरक इतकाच की त्याची भिंत जिवंत आहे, आणि तिला रोज कोणीतरी जपावं लागतं.

ते जपणं कसं असतं? थंडीत गवत वाळू लागलं की वनरक्षक आणि वनमजूर जाळरेषा काढतात. गवताचा लांबच लांब पट्टा कापून, ताब्यात ठेवून जाळतात, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तर त्या मोकळ्या पट्ट्यावर येऊन त्याला पुढे खायला काही मिळू नये. पायी गस्त घालतात. पाणवठ्याच्या ओल्या कडेला ठसे बघतात. आटलेला पाणवठा भरतात. हे काम नीट झालं तर उन्हाळा संपतो आणि काहीच झालेलं नसतं. रान जिथल्या तिथे असतं. जळालेल्या रानाची बातमी होते. न जळालेल्या रानाची होत नाही.

त्या न झालेल्या बातमीवर मन ठेवा. एक पूर्ण उन्हाळा. हजारो झाडं. काहीच झालं नाही. आणि ते काहीच न होऊ देण्यासाठी कोणाचे तरी पाय दुखले.

1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक म्हणून मारुती चितमपल्ली 1990 साली निवृत्त झाले. 1932 साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकून वनखात्यात आला आणि कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्याची नोकरीची तीन दशकं गेली. आपण त्यांना लेखक म्हणून ओळखतो. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पण त्यांचं पहिलं काम लिहिण्याचं नव्हतं. ते राखण्याचं होतं, आणि लिहिणं त्यातूनच उगवलं.

त्यांनी शब्दही राखले. पक्ष्यांची, झाडांची गावोगावची नावं वनवासी माणसांच्या तोंडून ऐकून वहीत उतरवली. जिथे मराठीला शब्द नव्हता तिथे घडवला. बगळे-करकोचे एकत्र वीण करतात त्या जागेला 'सारंगागार', कावळ्यांच्या तशा वसाहतीला 'काकागार'. पक्ष्याला नाव राहिलं नाही तर त्याचं जाणं कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून त्यांचा 'पक्षिकोश' हीसुद्धा एक जाळरेषाच आहे, विसरण्याच्या वणव्यापुढे काढलेली.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यांजवळ मचाणावर बसून प्राणी मोजण्याची पद्धत आहे. माणूस रात्रभर बसतो. बोलत नाही. जे पाण्यावर येईल ते लिहितो: भेकर, रानडुकरं, अस्वल. न आलेलं लिहीत नाही, वाघ आला असता तर, असंही लिहीत नाही. आपणही आत्ता तसेच बसलो आहोत. मनाच्या पाणवठ्यावर जे येतं आहे ते बघा. येऊ द्या, पिऊ द्या, जाऊ द्या. टॉर्च मारू नका.

तळं

मेळघाटातून आता पूर्वेला जाऊ, गोंदियाकडे. हे पाणी तापीचं नाही, पण राखण्याची गोष्ट तिथे गेल्याशिवाय पुरी होत नाही.

नवेगावबांधचं तळं डोळ्यांपुढे आणा. भोवती 'सात बहिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या, मध्ये पसरलेलं पाणी, कडेला देवधान आणि कमळं. हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधवलं. त्या मुलखातली कोहळी माणसं तळी बांधण्यात निष्णात. टेकड्यांचा उतार बघून नेमकं कुठे पाळ घातली म्हणजे पाणी अडेल आणि धान पिकेल हे त्यांना कळायचं. कोलू पाटील गेले, आणि लोकांनी त्यांना 'कोलासूर' देव केलं. त्यांचं ठाणं तळ्याकाठी आहे.

यावर जरा रेंगाळू. ज्याने पाणी राखलं तो देव झाला. राज्य जिंकलं म्हणून नाही. दोन डोंगरांच्या मध्ये मातीची पाळ घातली, आणि तीनशे वर्षं तिच्यामागे पाणी थांबलं म्हणून.

चितमपल्ली या तळ्याकाठी राहिले. गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून त्यांनी या रानाची आणि पाण्याची विद्या घेतली. शिकलेला वनाधिकारी गावातल्या जाणत्या माणसापुढे शिष्य होऊन बसला, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. राखणाऱ्याला आधी ऐकावं लागतं. 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. कोलू पाटलांनी धानासाठी अडवलेल्या पाण्यावर लांबून येणारी बदकं उतरतात, आणि आता ते रान तुमचं, माझं, सगळ्यांचं म्हणून नोंदलेलं आहे.

मनात एक ओळ लावा. पाळ घालणारा. पाळीवरचं झाड न तोडणारा. पाण्यावरच्या पक्ष्याचं नाव लिहून ठेवणारा. आणि शेवटी, ते पाणी बघायला आलेला, काठावर बसलेला तुम्ही. या ओळीत सगळ्यात सोपं काम आपल्याकडे आलं आहे. बघणं. तेवढं तरी मनापासून करू.

न दिसणारं

परत तापीच्या खोऱ्यात येऊ. शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी.

इथे एक छोटं घुबड राहतं. रानपिंगळा. 1884 नंतर बराच काळ ते कोणाच्याच खात्रीच्या नोंदीत आलं नव्हतं. संग्रहालयांत मूठभर जुने नमुने उरले होते, आणि पक्षी नष्ट झाला असं बहुतेकांनी मानलं होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सोबती त्याला शोधत शहाद्याजवळच्या रानात आले, आणि तो दिसला. बिनपानांच्या झाडावर, भर सकाळी, उन्हात. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो मेळघाटात सापडला, सुरतेच्या शेजारच्या डांगातही.

या एकशे तेरा वर्षांचा विचार करा. पिंगळा कुठेही गेला नव्हता. दर वर्षी तो जोडी जमवत होता, झाडाच्या ढोलीत अंडी घालत होता, सरडे-उंदीर पिल्लांना भरवत होता. त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि तरीही काहीतरी त्याला राखत होतं. एखादं जुनं, ढोली पडलेलं झाड, जे कोणी तोडलं नाही. नांगराखाली न गेलेला एखादा उतार. ते झाड ज्याने उभं ठेवलं, त्याला आपण कोणासाठी ते ठेवतो आहोत हे ठाऊकही नसेल.

राखण्याचं हे सगळ्यात खोल रूप आहे. आपण जे राखतो त्यात आणखी काय काय राखलं जातं, ते राखणाऱ्याला पूर्ण कळत नाही. म्हणून हिशोब न मागता राखायचं.

तुमच्या आयुष्यातही असं एखादं जुनं झाड असेल. कोणीतरी तुमच्यासाठी, नकळत, उभं ठेवलेलं. आजीने न विकलेला शेताचा तुकडा. एखाद्या शिक्षकाने ओरडून न मोडलेला तुमचा एक छंद. त्याला आता आठवा. नाव घ्यायची गरज नाही. फक्त त्या झाडाखाली थोडा वेळ बसा.

शहर

हळूहळू नदीसोबत खाली उतरू. उकाई, काकरापार, आणि पुन्हा सुरत.

या शहराला लोक कापडाने आणि हिऱ्याने ओळखतात. पण राखणारे हात इथेही आहेत. सरथाण्याचं प्राणी उद्यान 1984 पासूनचं; तिथे पाणमांजरांची वीण झाली, पिल्लं वाढली. अलथाणला कांकरा खाडीच्या काठाने महापालिकेने 87 हेक्टरांवर जैवविविधता उद्यान उभं केलं. गवियरच्या तळ्यावर थंडीत पक्षी उतरतात. आणि बमरोलीला, 2014 पासून, रोज 4 कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रात शहराचं सांडपाणी पुन्हा शुद्ध होऊन पांडेसऱ्याच्या कारखान्यांना जातं. जेवढं पाणी तिथे दुसऱ्यांदा वापरलं जातं, तेवढं गोडं पाणी पिण्यासाठी मागे राहतं. बेरजेत हातचा राखावा, तसं.

सार्वजनिक बागेत सकाळी पाइप धरून उभा असलेला माळी डोळ्यांपुढे आणा. त्याने लावलेला वड त्याच्या निवृत्तीपर्यंत पुरता पसरणारही नाही. त्या सावलीत जे बसतील त्यांची तोंडं त्याला दिसणार नाहीत. तरी तो आज आळ्याला पाणी घालतो आहे. उपसंचालक असो, वनमजूर असो की हा माळी, आयुष्य या कामाला देणं म्हणजे असंच असतं. शेवटी दाखवायला हातात काही नसतं. जे होतं ते अजून आहे, एवढीच त्याची कमाई.

आणि ती कमाई आत्ता तुमच्यासमोर आहे. बंधाऱ्याच्या वर थांबलेलं गोडं पाणी. हे पाणी इथपर्यंत आलं, कारण सातपुड्यात एक उन्हाळा काही झालं नाही.

परत

डोळे उघडा. उजाडलं आहे. तापीला आपण सूर्याची लेक म्हणतो. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तिचा वाढदिवस करतात, तिला चुनडी वाहतात. आता बापाचा उजेड लेकीवर पडतो आहे. घाई करू नका. बघा.

कुरव आले आहेत. पांढरे, टोकदार पंखांचे, दूर उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले. माणसंही आली आहेत. कोणी गाठियाचं पाकीट फोडलं आहे, मूठभर हवेत उडवलं आहे, आणि पक्ष्यांचा ढग किंचाळत त्यावर झेपावला आहे. त्या माणसाच्या मनात प्रेमच आहे. त्याच्यावर रागवू नका. पण तळलेलं बेसन आणि मीठ हे कुरवांचं अन्न नव्हे. त्यांचं अन्न पाण्यात आहे, मासे आणि किडे, आणि ते मिळवायला ते इतक्या लांबून आले आहेत.

तुमच्याही खिशात पाकीट असेल. हात तिकडे जाईल. द्यावंसं वाटणं चांगलंच आहे. फक्त या एका सकाळी तो हात थोडा राखून बघा. मांडीवर, सुटा, जसा सुरुवातीला होता तसा. श्वास येतो आहे, जातो आहे.

गर्दीपासून जरा दूर एक कुरव एकटाच पाण्यावर घिरट्या घालतो आहे. तो खाली येतो. पाण्याला चोच लावतो. वर उठतो तेव्हा चोचीत काहीतरी चमकतं.

त्याने आपलं आपण घेतलं. पाण्यात ते होतं.